पाय ओढणे आणि ‘पुल समवन्स लेग’: परीक्षेसाठी इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून रोज वाशीला नोकरीसाठी जाणारी एक विद्यार्थिनी कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेची आणि जोडीने राज्याच्या सरळसेवा भरतीची तयारी करीत आहे. बाजारात मिळणाऱ्या एका पुस्तिकेतील सुमारे 900 इंग्रजी वाक्प्रचार तिने मराठी अर्थांसह, इंग्रजी वर्णानुक्रमाने, चार महिन्यांत दोनदा पाठ केले. तरीही सराव परीक्षेत वाक्प्रचारांवर तीन प्रश्न आले आणि त्यांतले दोन चुकले. चुकलेले दोन्ही वाक्प्रचार तिच्या वहीत होते. पाठांतर कमी पडले की पद्धतच चुकली, आणि उरलेल्या दहा आठवड्यांत वही पुन्हा पहिल्यापासून धरावी का, असे तिने विचारले आहे.

पद्धत चुकली, असे माझे स्पष्ट मत आहे. ठाण्यात गेली बावीस वर्षे स्पर्धा परीक्षांचे इंग्रजी शिकवताना अशा वह्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. त्या वह्यांमागचे कष्ट खरे असतात, म्हणून त्यांची थट्टा करावीशी वाटत नाही. परंतु डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी आणि मधे एक रेघ, अशा मांडणीतून वाक्प्रचार डोक्यात शिरतो तो सुटा शिरतो, आणि परीक्षेत मात्र तो चार पर्यायांच्या घोळक्यात भेटतो. तुमच्या दोन चुका जरा बारकाईने पाहू, कारण त्यांतच बरेचसे उत्तर आहे.

पहिली चूक ‘पुल समवन्स लेग’ या वाक्प्रचाराची. वहीत त्याचा अर्थ ‘चेष्टा करणे’ असा लिहिलेला होता, पण तुम्ही ‘एखाद्याच्या प्रगतीत खोडा घालणे’ या अर्थाचा पर्याय निवडला. हे विसरणे नव्हते. तुमच्या मराठीने इंग्रजीवर केलेली ती कुरघोडी होती. आपण मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणतो तेव्हा वर चढणाऱ्याला मत्सराने खाली खेचणे असाच अर्थ आपल्या मनात असतो, आणि तो लहानपणापासून इतका मुरलेला असतो की चार महिन्यांपूर्वी पाठ केलेली एक ओळ त्याच्यापुढे टिकत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत पहिल्या टप्प्यात 100 प्रश्नांना 60 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 36 सेकंद. एवढ्या घाईत मनात आधी उमटते ते आईच्या भाषेतले चित्र.

अशा जुळ्या दिसणाऱ्या पण स्वभावाने वेगळ्या वाक्प्रचारांची एक स्वतंत्र वही मी माझ्या विद्यार्थ्यांना करायला लावतो. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकून मोकळे होणे. येशूला शिक्षा देताना रोमन अधिकारी पिलात याने जमावासमोर हात धुऊन ‘माझा यात दोष नाही’ असे दाखवले, त्या कथेतून तो आला. मराठीत त्याचे नाते हात झटकण्याशी किंवा हात वर करण्याशी आहे. पण ‘हात धुणे’ ऐकले की आपल्याला आठवते वाहती गंगा, म्हणजे आयत्या संधीचा फायदा घेणे, आणि ‘हात धुऊन मागे लागणे’ तर तिसऱ्याच टोकाला जाते. ‘बटरफ्लाइज इन द स्टमक’ म्हणजे महत्त्वाच्या प्रसंगाआधी पोटात गोळा येणे. आपल्या पोटात मात्र कावळे ओरडतात आणि ते भुकेने, त्यामुळे ‘भूक लागणे’ हा पर्याय समोर असेल तर मराठी विद्यार्थी हमखास तिकडे वळतो. ‘टर्न अ डेफ इअर’ म्हणजे समोरच्याचे म्हणणे ऐकू येऊनही दाद न देणे. आपले ‘कानांवर हात ठेवणे’ म्हणजे मला काहीच ठाऊक नाही असे सांगणे. ‘गिव्ह द कोल्ड शोल्डर’ म्हणजे एखाद्याशी मुद्दाम तुटकपणे वागणे. या वाक्प्रचाराला एका विद्यार्थ्याने ‘अंत्ययात्रेस जाणे’ हा अर्थ दिला होता, आणि खांदा गार पडला म्हटल्यावर त्याला दुसरे सुचणार तरी काय होते! वर्ग हसला, पण त्या मुलाने चूक नेमकी कुठून येते ते आम्हा सर्वांना दाखवून दिले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मराठी म्हणजे केवळ अडथळा असा गैरसमज होईल. पुष्कळ वाक्प्रचार मराठीत जवळजवळ तसेच्या तसे आहेत आणि त्यांच्यावर एक मिनिटही खर्च करू नये. ‘रब सॉल्ट इन द वूंड’ म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, ‘टर्न अप वन्स नोज’ म्हणजे नाक मुरडणे, ‘टर्न वन्स बॅक ऑन’ म्हणजे पाठ फिरवणे, ‘मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल’ म्हणजे राईचा पर्वत करणे, ‘क्रॉकडाइल टिअर्स’ म्हणजे नक्राश्रू. ‘व्हाइट एलिफंट’ आणि ‘रेड टेप’ तर पांढरा हत्ती आणि लाल फीत होऊन आपल्या वर्तमानपत्रांत केव्हाचेच राहायला आले आहेत. तुमच्या 900 पैकी असे जे असतील ते आधी पेन्सिलीने खोडून टाका. वही बरीच हलकी होईल.

काही ठिकाणी चित्र निराळे पण भाव अगदी एक असतो, आणि शिकण्याची खरी मजा तिथे आहे. ‘ऑल इअर्स’ला ‘लक्षपूर्वक ऐकणे’ असा कोरडा अर्थ लिहिण्यापेक्षा ‘जिवाचा कान करणे’ लिहा. ‘हँड टु माउथ’ला हातावर पोट, ‘अ बोल्ट फ्रॉम द ब्लू’ला आकाशाची कुऱ्हाड, ‘ब्लो वन्स ओन ट्रम्पेट’ला स्वतःची टिमकी वाजवणे. कोरडा अर्थ नुसता आठवावा लागतो, तर मराठी वाक्प्रचार लिहिला की त्याच्याबरोबर प्रसंग आणि सूरही आठवतो. हा सूर परीक्षेत फार उपयोगी पडतो. परीक्षक पर्याय बनवताना बहुधा एक पर्याय शब्दशः अर्थाचा ठेवतो, एक उलट सुराचा ठेवतो आणि एक खऱ्या अर्थाच्या आसपासचा ठेवतो. वाक्प्रचार कौतुकाचा आहे की निंदेचा एवढे जरी पक्के ठाऊक असले, तरी दोन पर्याय आपोआप गळतात. गळ्याचीच गोष्ट घ्या: मराठीत एखादा माणूस कोणाच्या गळ्यातला ताईत होतो तेव्हा तो लाडका असतो, पण इंग्रजीत गळ्यात अडकलेला ‘अल्बट्रॉस’ (एक समुद्रपक्षी) किंवा ‘मिलस्टोन’ (जात्याचा दगड) म्हणजे नको असलेले ओझे, आपल्या भाषेत गळ्यात पडलेले घोंगडे.

आता तुमची दुसरी चूक, ‘गिव्ह अ वाइड बर्थ’. तुम्ही ‘एखाद्यासाठी प्रशस्त जागा करून देणे’ हा पर्याय निवडला, आणि रोज लोकलने प्रवास करणाऱ्या माणसाने ‘बर्थ’ म्हटल्यावर रेल्वेची बर्थ आठवावी हे स्वाभाविकच आहे. खरा अर्थ आहे एखाद्यापासून चार हात लांब राहणे. हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मी वर्गात घातला तेव्हा बहुतेकांचे उत्तर तुमच्यासारखेच होते. फक्त बेलापूरच्या दिवाळे गावातून येणाऱ्या एका मुलाने बरोबर उत्तर दिले, आणि ते त्याने पाठ केलेले नव्हते. त्याच्या घरी मासेमारीची होडी होती. “सर, नांगर टाकलेली होडी पाण्याच्या ओढीने फिरते ना, म्हणून दुसऱ्याने लांबूनच जायचं असतं, नाहीतर ठोकर बसते,” असे त्याने सहज सांगितले. जहाजाला सुरक्षित राहण्यासाठी सभोवती जी मोकळी जागा लागते ती ‘बर्थ’. रेल्वेत झोपायला मिळणारी आणि न्हावा-शेवा बंदरात जहाजाला मिळणारी, दोन्ही त्याच शब्दाच्या शाखा.

त्या दिवसापासून समुद्रावरून आलेले वाक्प्रचार मी एकत्रच शिकवतो. इंग्रजांचे राज्य समुद्रावर पोसले गेले, त्यामुळे त्यांच्या भाषेत जहाजाचे दोर, शिडे आणि निशाणे जागोजागी सापडतात. शिडाच्या जहाजावर कोणता दोर कशाचा हे ज्याला कळले तो कामात मुरला, म्हणून ‘नो द रोप्स’ म्हणजे कामातील खाचाखोचा माहीत असणे. वारा अचानक समोरून येऊन शीड डोलकाठीवर उलटे दाबले गेले की जहाज जागच्या जागी थबकते, त्यावरून ‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होऊन स्तंभित होणे. निशाण म्हणजे ‘कलर्स’. शत्रूला फसवण्यासाठी खोटे निशाण लावून फिरणारे जहाज हल्ल्याच्या वेळी खरे निशाण चढवते, म्हणून ‘शो वन्स ट्रू कलर्स’ म्हणजे खरे रूप उघड करणे. विषुववृत्ताजवळ वारा पडतो तो पट्टा ‘डोलड्रम्स’, म्हणून ‘इन द डोलड्रम्स’ म्हणजे मंदीत किंवा मरगळीत. ओहोटीला ठाण्याच्या खाडीत चिखलावर टेकलेली होडी पाहिली असेल, तर ‘हाय अँड ड्राय’ म्हणजे ऐनवेळी असहाय सोडून दिलेला, हे पाठ करण्याची गरज उरत नाही.

वर्णानुक्रमाऐवजी असे गोतावळे करणे हा माझ्या सांगण्याचा गाभा आहे. गोतावळा दोन प्रकारे करता येतो. एक उगमावरून, जसा आत्ता समुद्राचा केला. क्रिकेटचा असाच करता येईल, आणि ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीच्या परिस्थितीत हे नेरुळच्या मैदानाजवळ राहणाऱ्या मुलाला दोनदा सांगावे लागत नाही. दुसरा गोतावळा समान शब्दावरून करायचा, आणि परीक्षेच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा, कारण परीक्षक फसवतो तो तिथेच. ‘फेदर’ हा एकच शब्द घ्या. ‘अ फेदर इन वन्स कॅप’ म्हणजे शिरपेचातला तुरा. ‘फेदर वन्स नेस्ट’ म्हणजे आपली तुंबडी भरणे. ‘शो द व्हाइट फेदर’ म्हणजे कच खाणे. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरे पीस असले तर तो हलक्या जातीचा आणि पळपुटा समजला जाई. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ म्हणजे एकाच माळेचे मणी. हे चार वाक्प्रचार तुमच्या पुस्तिकेत ए, बी, एफ आणि एस या चार अक्षरांखाली विखुरलेले असतात, आणि परीक्षेत मात्र एकाच्या प्रश्नात उरलेल्यांचे अर्थ पर्याय म्हणून उभे राहतात. एका पानावर चौघांना शेजारी बसवले की गोंधळ तिथेच मिटतो.

मिठाचेही असेच. ‘वर्थ वन्स सॉल्ट’ म्हणजे आपल्या कामात खरोखर लायक. ‘द सॉल्ट ऑफ द अर्थ’ म्हणजे सज्जन, खऱ्या अर्थाने चांगली माणसे. जखमेवरचे मीठ वर आलेच आहे. राहिले ‘टेक विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’, म्हणजे ऐकलेल्या गोष्टीवर पुरता विश्वास न ठेवणे. हे लक्षात ठेवायला मी एवढेच सांगतो की जी गोष्ट कोणी तिखटमीठ लावून सांगतो, ती आपण चिमूटभर मीठ घेऊन ऐकावी. आगरी घरांतल्या मुलांना तर मिठागर आणि आगर यांचे नाते घरातूनच ठाऊक असते. त्यांच्यापुढे मिठाचा धडा रंगतो तसा दुसरा कुठलाच रंगत नाही.

उगमकथांबद्दल मात्र सावध करतो, कारण या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. ‘रूल ऑफ थंब’, म्हणजे अनुभवावर आधारलेला ढोबळ नियम, याची एक कथा मी अनेक वर्षे वर्गात सांगत असे: अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारायची मुभा देणारा इंग्लंडचा जुना कायदा. असा कायदा कधी नव्हता, हे नंतर वाचनात आले आणि पुढच्या तुकडीला मी ते सांगितले. ‘रेन कॅट्स अँड डॉग्ज’बद्दल गवताच्या छपरावरून घसरणाऱ्या मांजरांची जी कथा फिरते तीही निराधार आहे. याउलट ‘हॉब्सन्स चॉइस’ची कथा खऱ्या माणसाची आहे. केम्ब्रिजमध्ये भाड्याने घोडे देणारा टॉमस हॉब्सन, जो 1631 मध्ये वारला, गिऱ्हाइकाला दाराजवळचा घोडाच देई; घ्यायचा तर तो घ्या, नाहीतर पायी जा. ठाणे स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहिलात की समोर आलेली पहिलीच रिक्षा घ्यावी लागते, तसेच हे. म्हणून त्याचा अर्थ ‘नावापुरती निवड, प्रत्यक्षात पर्यायच नसणे’ असा आहे. एका लोकप्रिय मार्गदर्शकात मी तो ‘दोन वाईट गोष्टींतून एक निवडणे’ असा छापलेला पाहिला आहे, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. ते साफ चूक आहे, कारण हॉब्सनच्या दारात दुसरा घोडा नसतोच. पुस्तिकेतला अर्थ आणि चांगल्या शब्दकोशातला अर्थ यांत फरक दिसला तर शब्दकोशाचे ऐका.

आता उजळणीविषयी. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते आणि पुढे तो वेग मंदावतो. म्हणून चार महिन्यांत दोनदा सलग पारायण करण्यापेक्षा तोच वेळ वाढत्या अंतराने, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने आणि नंतर तीन आठवड्यांनी, असा वाटावा. सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात लोकप्रिय केलेली चिठ्ठ्यांची पद्धत यासाठी सोपी आहे: जी चिठ्ठी बरोबर आली ती पुढच्या कप्प्यात, जी चुकली ती परत पहिल्या कप्प्यात. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे उभे केले तरी काम होते.

चिठ्ठीवर काय लिहावे, याला मात्र मी फार महत्त्व देतो. पुढच्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार लिहू नका. मराठीत एक प्रसंग लिहा. उदाहरणार्थ, ‘सोसायटीच्या सभेत सगळे म्हणाले की लिफ्टच्या कंत्राटदाराला जाब विचारलाच पाहिजे, पण विचारायला कोणी पुढे होईना.’ मागच्या बाजूला ‘बेल द कॅट’, म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. प्रसंगावरून वाक्प्रचार आठवण्याचा सराव झाला की उलटा प्रश्न आपोआप सुटतो, आणि परीक्षेत अर्थ देऊन वाक्प्रचार ओळखायला सांगणारे प्रश्नही येतात. ठाणे ते वाशी या मार्गावर दिघा गाव धरून नऊ स्थानके आहेत, म्हणजे आठ टप्पे. एका टप्प्यात एक चिठ्ठी, प्रसंग वाचून खिशात टाकायची आणि पुढचे स्थानक येईपर्यंत मनात इंग्रजी वाक्य जुळवायचे. जाता-येता सोळा होतात. तुर्भ्यानंतर उतरणाऱ्यांची गडबड सुरू होते, तिथे सोप्या चिठ्ठ्या ठेवा.

वाक्य जुळवायचे म्हणजे शाळेत मराठीच्या तासाला ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हणत, तेच. म्हण जशीच्या तशी वापरतात, वाक्प्रचार मात्र वाक्यात काळ, व्यक्ती आणि वचनाप्रमाणे बदलतो, हे आपल्याला मराठीत न शिकवता येते आणि इंग्रजीत शिकवूनही येत नाही. पुस्तिकेत ‘वन्स’ असे छापलेले असते ती रिकामी जागा आहे. वाक्यात तिथे ‘हिज’, ‘हर’, ‘माय’ येते. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’मधला ‘ऑफ’ (एकाच ‘एफ’चा) गाळला तर राहते ती जेवणाआधीची क्रिया. चुका शोधण्याच्या प्रश्नांत नेमकी अशी अव्यये बदललेली असतात, त्यामुळे वाक्प्रचाराच्या शेपटीचा छोटा शब्दही चिठ्ठीवर ठळक लिहावा.

शेवटी अंदाजाने उत्तर देण्याबद्दल, कारण तुमच्या सराव परीक्षेत तिसरा प्रश्न तुम्ही योगायोगाने बरोबर आणला असे तुम्हीच लिहिले आहे. केंद्राच्या या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला 0.50 वजा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर अंदाजाने सरासरी फक्त 0.125 गुण हाती लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि त्या विचारात जाणारी 36 सेकंदे गणिताला देणे शहाणपणाचे. पण सुरावरून दोन पर्याय गाळता आले तर हीच सरासरी 0.75 होते, तेव्हा उत्तर जरूर द्यावे. शब्दशः अर्थाचा पर्याय सर्वांत आधी गाळावा. ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’च्या पर्यायांत पत्त्यांचा उल्लेख दिसला तर तो सोडा, इथला ‘स्पेड’ म्हणजे मातीत चालणारे फावडे, इस्पिक नव्हे, आणि अर्थ आहे आडपडदा न ठेवता स्पष्ट बोलणे.

जुनी वही टाकू नका. पहिल्या आठवड्यात तिच्यातले मराठीशी तंतोतंत जुळणारे वाक्प्रचार खोडा, दुसऱ्या आठवड्यात फसव्या जुळ्यांवर लाल खूण करा आणि उरलेल्यांचे गोतावळे पाडा. त्यातूनही जुन्या प्रश्नपत्रिकांत येऊन गेलेले तीनशे वाक्प्रचार आधी चिठ्ठ्यांवर घ्या. बाकीच्यांना तिसऱ्या आठवड्यापर्यंत हात लावला नाही तरी चालेल. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक सराव परीक्षा द्या आणि जे चुकेल त्याच्यासमोर, कोणत्या मराठी शब्दाने मला तिकडे ओढले, एवढे एका ओळीत लिहून मला पाठवा.